उंबरदऱ्याच्या रस्त्याला चालेल अशी गाडी

जामनेर, ९ जून २०२५

देवचंद,

जयभीम. अक्षर ओळखून पाकीट फाडलं नसशील तर पुढे वाच. सहा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहितोय ते गाडीचं विचारायला, तेव्हा माझा निलाजरेपणा तुझ्या लक्षात आलाच असेल. भुसावळच्या आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक आपण दोघांनी केलं, पण इंजिन कळलं ते तुला. मी परत केळीत शिरलो, तू एसटीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढलीस. म्हणून तुलाच विचारतो.

मला फोर बाय फोर घ्यायची आहे. जळगावच्या शोरूममधून माहितीपत्रक आणलंय. गाडी एकच आणि मॉडेलं सात. बेसला पत्र्याची चाकं आणि हाताने फिरवायचे आरसे. मधल्याला टीव्हीएवढा पडदा आणि मागे कॅमेरा. टॉपला छतात काच आणि बूड गार करणारी सीट. कशाला काय म्हणतात हे वाचून डोकं भणभणलं. हितेंद्रला वाटतं, म्हाताऱ्याला मळ्यात मिरवायला गाडी हवी. वाटू दे.

खरं कारण तुला सांगतो. मला उंबरदऱ्याला नूतनकडे जायचं आहे, स्वतः गाडी चालवत.

मार्चपासून माझा डावा पाय ओढतो. मुंबईच्या डॉक्टरने नसांचा रोग सांगितला. आधी पाय, मग हात, मग जीभ, मग श्वास. औषध नाही. वर्ष म्हणाला, फार तर दीड. माझी जीभ आत्ताच जड झाली आहे. फोनवर बोललो तर तुला वाटेल पिऊन बोलतोय, म्हणून पत्र.

तुझ्या प्रशीलशी तिने लग्न केलं त्या संध्याकाळी मी अंगणात उभं राहून सांगितलं होतं, आजपासून या घरात तिचं नाव काढायचं नाही, जो काढेल त्याने आपली चूल वेगळी मांडावी. कुणी काढलं नाही. आई असून पुष्पाने नाही, भाऊ असून हितेंद्रने नाही. आता मला काढावंसं वाटतं तर कुणापुढे काढू? मीच लावलेलं कुलूप आहे ते.

तर देवा, उंबरदऱ्याचा रस्ता कसा आहे ते लिही आणि कोणतं मॉडेल घेऊ ते सांग. तिच्या दारात मला माझ्या पायांनी उतरायचं आहे, कुणी उचलून ठेवायच्या आत. तिथे मात्र कुणाला कळवू नकोस. आधी कळलं आणि नको म्हणाले, तर माझा धीर सुटेल.

तुझा
रतिलाल

देवपूर, धुळे
२० जून २०२५

रतिलाल,

सप्रेम जयभीम. तुझं दुखणं वाचून वाईट वाटलं. बाकीचं वाचून काय वाटलं ते लिहीत नाही.

विचारलंस म्हणून सांगतो. साक्रीपासून डांबरी रस्ता आहे तो फाट्यापर्यंत. तिथून उंबरदरा अकरा किलोमीटर, सगळा कच्चा. सातव्या किलोमीटरला नाला लागतो. उन्हाळ्यात त्यात शेळी पाणी पिऊ शकत नाही आणि पावसाळ्यात ट्रक उतरू शकत नाही. त्यानंतर चढ, सुटे दगड, दोन वळणं अशी की गाडी मागे घेऊन परत वळवावी लागते. त्या रस्त्याची मापं मला पाठ आहेत. का पाठ आहेत ते तुला सांगायला नको.

बेस मॉडेलचं नाव काढू नकोस. बाहेरून ती रानगाडी दिसते, पण त्यात फोर बाय फोर मिळतच नाही. मागची दोनच चाकं ओढतात. तुझ्या मळ्यात चालेल, लग्नाच्या वरातीत चालेल. तुला दुसरा गिअर-दांडा हवा, ज्याने गाडी मुंगीच्या चालीने पण पूर्ण ताकदीने चढते. तो मधल्या मॉडेलपासून वर आणि डिझेललाच आहे. पाण्यात किती खोल जाते ते पत्रकात शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतं, छतातल्या काचेचा फोटो मात्र पहिल्या पानावर.

पण रतिलाल, एक विचारू? यायचं होतं तेव्हा तू आला नाहीस. मी वाट पाहिली, प्रशीलने पाहिली. आम्ही माणसं थांबवून ठेवली होती. आता तिथे जाऊन काय बघणार आहेस? बैल गेला आणि झोपा केला, असलं हे काम आहे. तरी जायचंच असेल तर मी अडवणारा कोण.

देवचंद

जामनेर, २ जुलै २०२५

देवा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. झोडपलंस, बरं केलंस. लग्नाला तुम्ही माझ्यासाठी माणसं थांबवून ठेवली होती हे मला आज कळतंय. मी त्या दिवशी मुद्दाम केळीला पाणी देत बसलो होतो, गरज नसताना. बारी संपली तरी मोटर बंद केली नाही, वाफे फुटून पाणी शेजाऱ्याच्या कपाशीत गेलं.

काल शोरूमला जाऊन आलो. उखर्डू ड्रायव्हर सोबत होता. कुंदन नावाचा विक्रेता आहे, फार गोड बोलतो. त्याने टॉप मॉडेलात बसवलं आणि म्हणाला, "काका, ही गाडी तुमचं ऐकते. नुसतं बोला, छत उघड." मी बोललो. गाडी म्हणाली, समजलं नाही, पुन्हा सांगा. मी पुन्हा सांगितलं. पाच वेळा सांगितलं, पाचही वेळा तिला समजलं नाही. कुंदन हसत म्हणाला, नेटवर्क नसेल. मग त्याने स्वतः सांगितलं आणि छत लगेच उघडलं. तो बिचारा गोरामोरा झाला. मला आभाळ दिसत होतं आणि खाली उतरावंसं वाटत नव्हतं.

तेव्हा टॉप बाद. नाकापेक्षा मोती जड. मधल्यात दोन प्रकार आहेत. एकाला सहा एअरबॅग आणि चढावर गाडी मागे न सरकू देणारा ब्रेक. दुसऱ्याला तेच सगळं आणि शिवाय मोठा पडदा. यांतलं कोणतं?

आता गाडीपलीकडचं विचारतो. नूतनला मूलबाळ किती? पहिलं आता पाचेक वर्षांचं असेल ना? मुलगी असली तर आईसारखी बुटकी असेल. इथे कुणाला विचारणार? केळीचे वेफर, भरताची वांगी आणि पोरासाठी काहीतरी न्यायचं आहे, पण पोर केवढं आहे हेच माहीत नाही. तिच्या हातचं भरीत एकदा खाल्लं की मी मोकळा. तिखट फार घालायची. घास अजून गिळता येतो, तेवढ्यात झालं पाहिजे.

रतिलाल

जामनेर, १४ जुलै २०२५

देवचंदकाकांना हितेंद्रचा नमस्कार.

परवा तुमचा फोन आला तेव्हा नाना शेजारी खुर्चीत होते. मी राँग नंबर म्हणून ठेवला. माफ करा. तुम्ही एवढंच म्हणालात, नूतनकडे जायला गाडी घेतोय म्हणतो, तुझ्या बापाला माहीत नाही का रे. काका, नाही. त्यांना माहीत नाही.

बावीसच्या ऑगस्टमध्ये तुमचा फोन आला की नूतनताई बाळंतपणात गेली, बाळही गेलं, नाल्याला पूर होता म्हणून साक्रीच्या दवाखान्याची गाडी अलीकडच्या काठावरच अडकली. मी आणि आई निघालो. नानांना शेगावला दर्शनाला जातो सांगितलं. तुम्ही उंबरदऱ्याला मला विचारलंत, "आणि रतिलाल?" मी म्हटलं, "नाही येणार." एवढंच म्हटलं. तुम्ही समजलात की माहीत असून आले नाहीत. मी समजू दिलं, कारण खरं सांगायची मला लाज वाटली.

परतल्यावर आई जेवायला बसेपर्यंत मी ठरवत होतो की आज सांगायचं. नानांनी विचारलं, दर्शन झालं का. आई म्हणाली, झालं. नाव काढायचं नाही म्हणून त्यांनी सांगितलं होतं, आणि ती गेली हे सांगायला आधी नावच काढावं लागत होतं. पहिल्या दिवशी भीती होती. मग महिना गेला, मग वर्ष. इतक्या उशिरा सांगायचं तरी कसं, असं होऊन बसलं. गावात सगळ्यांना माहीत आहे. गावही नानांना घाबरतं.

आता तुम्ही म्हणता की ते तिच्याकडे जायला गाडी घेताहेत. मला वाटलं होतं मळ्यासाठी. उशाला माहितीपत्रक असतं. सकाळी उठून आधी ते वाचतात, खुणा करतात. डॉक्टर म्हणाले, आनंदात ठेवा, श्वास किती दिवस चालेल सांगता येत नाही. काका, पाया पडतो, त्यांना सांगू नका. आणि गाडीही ठरू देऊ नका. या मॉडेलात हे कमी, त्यात ते कमी, असं लिहीत राहा. तुमच्या शब्दाबाहेर ते जाणार नाहीत. निवड चालू आहे तोवर ते उठून बसतात. एकदा गाडी दारात आली की मग काय करायचं ते मला सुचत नाही.

आपला
हितेंद्र

देवपूर, धुळे
२८ जुलै २०२५

प्रिय रती,

सप्रेम जयभीम. मागच्या पत्रात मी फार कडक लिहिलं. ते मनावर घेऊ नकोस. आणि पोरांच्या लग्नाच्या दिवसाबद्दल मला आता काही बोलायचं नाही. ते माझ्याकडून संपलं.

गाडीचं सांगतो. तू निवडलेल्या मधल्या मॉडेलचं पत्रक मी धुळ्याच्या शोरूममधून आणून नीट पाहिलं. त्यात मागच्या चाकांना लॉक नाही. लॉक नसलं की एक चाक चिखलात गरगर फिरतं आणि दुसरं नुसतं बघत बसतं. उंबरदऱ्याच्या चढावर हेच होणार. लॉक असलेलं त्याच्या वरचं मॉडेल घे म्हटलं असतं, पण त्याला रुंद अलॉय चाकं आहेत, धारदार दगडाने टायरची बाजू फाटते. पत्र्याची चाकं दोन हातोडे मारून सरळ तरी होतात. थोडं थांब. दिवाळीला कंपनी नवीन प्रकार काढणार असं वर्कशॉपमधली पोरं म्हणतात. त्यात लॉकही असेल आणि साधी चाकंही. घाईत घेतलेली गाडी आणि घाईत जुळवलेलं इंजिन दोन्ही उरावर बसतात, हे आपल्याला आयटीआयचे गुरुजी सांगायचे.

मूलबाळ वगैरे भेटीत बोलू. पत्रात सगळं मावत नाही. प्रशील शाळेत आहे, मुलांना शिकवतो. तुझ्या वहिनीने, केसरबाईने, तुला औषधं वेळेवर घ्यायला सांगितलं आहे.

पावसाळ्यात त्या रस्त्याचा विचारही करू नकोस. पत्र लिहीत राहा. एअरबॅगचं काय ठरलं ते कळव, आणि दोन्ही मॉडेलांची जमिनीपासूनची उंची मोजून पाठव. पत्रकावर विश्वास ठेवू नकोस, टेप घेऊन जा.

तुझा
देवचंद

जामनेर, ५ सप्टेंबर २०२५

देवा,

अक्षर पुष्पाचं आहे, शब्द माझे. हात आता पेन धरतो पण ओळ धरत नाही. माझं बोलणंही घरात तिच्याशिवाय कुणाला उमगत नाही.

टेप घेऊन उखर्डूला पाठवलं होतं. उंची पत्रकात दिल्यापेक्षा बोटभर कमी भरली. तू खरा मेकॅनिक.

पण देवा, हिशेबच बदलला. डावा पाय क्लचवर ठेवला तर दिसतो, दाबला जात नाही. गिअरची गाडी गेली हातची. ऑटोमॅटिक घ्यावी तर फोर बाय फोरमध्ये ती टॉपलाच येते. म्हणजे ज्या गाडीला माझी भाषा समजत नाही, तीच गाडी नशिबी आहे. पाऊस ओसरतो आहे. नवीन प्रकारासाठी दिवाळीची वाट तू बघ, माझ्याकडे तेवढी दिवाळी आहे की नाही कोण जाणे.

आणि आता मी ठरवलंय की जाताना उखर्डू चालवेल आणि परत येताना नूतन. तिला बाराव्या वर्षी मांडीवर बसवून ट्रॅक्टर शिकवला होता. तिने तो विहिरीच्या कठड्याला नेऊन लावला आणि मी तिला मारलं. नंतर गावात तिच्याइतकं सरळ कुणी नांगरत नव्हतं. तर ती चालवेल, मी शेजारी बसेन, माहेरी येईल चार दिवस. म्हणून चालकाची सीट वर-खाली होणारी हवी, ती बुटकी आहे, पुढचा रस्ता दिसायला हवा. ही सोय मधल्यापासून वर सगळ्यांत आहे, मी बघून ठेवलं. शेजारच्या सीटला धरायला दांडी हवी, माझ्यासाठी. ती टॉपला दोन्हीकडे आहे. बूड गार करणारी सीटही असू दे आता. पोरीला उकडतं फार.

तिला निरोप सांग, किंवा नको सांगूस, मीच सांगेन. सांगायचं एवढंच की चूक माझी होती. सोयरीक करायला तू मला माणूस म्हणून कमी वाटला नव्हतास, गावाचं तोंड मोठं वाटलं. तू माझ्या ताटात जेवलास, मी तुझ्या. पोरीने तेच केलं तर मी चूल वेगळी करायला निघालो.

रतिलाल

भाऊ, खालचं माझं आहे. पाकीट मीच बंद करते म्हणून लिहिते. सहा वर्षांनी या घरात तिचं नाव आलं. ते सांगत होते की तिला सीट उंच लागेल, आणि मी लिहीत होते. त्यांनी विचारलं, लिहिलंस का. मी हो म्हटलं. तेव्हाच सांगून टाकायचं होतं. तोंड उघडलं नाही. लेकरू गेल्यावर मी घरात एकदाही रडले नाही, भाऊ. विहिरीवर मोटर सुरू असली की तिथे जाऊन रडायचे, आवाज झाकला जायचा. तुम्हीच काहीतरी करा. — पुष्पा

देवपूर, धुळे
२२ सप्टेंबर २०२५

प्रिय रती,

सप्रेम जयभीम. तुझं पत्र आलं त्याला दहा दिवस झाले. रोज कागद घेतो आणि गाडीबद्दल लिहायला लागतो. टॉप मॉडेलच्या ऑटोमॅटिकला उतारावर अमुक आणि पाण्यात तमुक, अशी दोन पानं लिहिली होती. ती फाडली. त्या गाडीत खोट नाही. ती उंबरदऱ्याला चढेल.

काल केसरबाई मला म्हणाली, "त्या मानूसले खोटं सांगीसन तुमले झोप कशी येस?" मी म्हटलं, येत नाही. ती म्हणाली, मग लिहा. मी म्हटलं, हे लिहून कळवायचं नाही.

तर रती, आता मी म्हणतो ते कर. दोन ऑक्टोबरला मी नागपूरला दीक्षाभूमीवर असेन. दरवर्षी जातो, यंदा न जाण्याचा विचार होता पण केसरबाईने नवसासारखं धरलंय. परत आलो की रविवारी, पाच तारखेला, जामनेरला येतो. तुझ्यासमोर बसून एक गोष्ट तोंडाने सांगायची आहे. तोपर्यंत गाडी घेऊ नकोस, घेतलीस तरी कुठे निघू नकोस. एवढं माझं ऐक. याआधी मी तुला जे जे थांब म्हणून लिहिलं, ते सगळं विसरलास तरी चालेल. हे एक मात्र ऐक.

तुझा
देवचंद

जामनेर, १२ ऑक्टोबर २०२५

देवचंद,

हे माझ्या हाताने लिहितोय, चार दिवस चाललंय. वाचता येईल तेवढं वाच.

तुझं पत्र मिळालं होतं. मला वाटलं, नूतनने भेटायला नकार दिला आहे आणि ते सांगायला तू येतो आहेस. म्हणून तू यायच्या आत निघायचं ठरवलं. तिने दारातून हाकललं असतं तरी चाललं असतं, निदान दार दिसलं असतं. दसऱ्याला गाडी सोडवली. टॉप मॉडेल. कुंदनने हार घातला, नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी नंबरप्लेटचं काम आहे म्हणून उखर्डूला घेऊन निघालो. पुष्पाला काही सांगितलं नाही. धुळ्याला तुझ्या घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, नागपूरहून यायचे आहेत. बरं झालं असं मला वाटलं.

फाट्यापासून तू लिहिलंस तसाच रस्ता. सातव्या किलोमीटरला नाला. परतीच्या पावसाचं गुडघ्यावर पाणी होतं, वरून लाल. उखर्डू कचरला. मी दांडा खाली ओढायची खूण केली. देवा, गाडी पाण्यात उतरली आणि पलीकडे निघाली. आवाजसुद्धा वाढला नाही. एक मिनिट लागलं असेल. मला फार आनंद झाला. मी उखर्डूच्या पाठीवर थाप मारली.

शाळा चालू होती. प्रशील वर्गातून बाहेर आला आणि मला बघून तसाच उभा राहिला. मग त्याने आणि उखर्डूने मला उचलून वर्गात नेलं, खुर्चीत बसवलं. माझ्या पायांनी उतरायचं राहिलंच. मी बोललो ते त्याला कळेना. गाडीसारखंच. मग मी खडू मागितला. खुर्ची फळ्याजवळ सरकवली, दोन्ही हातांनी खडू धरला आणि लिहिलं, नूतन.

मुलं सवयीची, फळ्यावर लिहिलं की वाचायची. साठ पोरांनी एका सुरात मोठ्याने वाचलं, नूतन. मी प्रशीलकडे बघून हसलो. तो रडत होता.

त्याला वाटलं होतं मला माहीत आहे. तुलाही आधी तसंच वाटलं होतं, आता कळतं. खिडकीशी एक म्हातारी आली. म्हणाली, "तू मास्तरीणबाईना बाप शे का?" मी मान हलवली. ती म्हणाली, "त्या रातले हाऊ नाला उतरनाच नही, भाऊ. आम्ही बठ्ठा काठवर उभा होतूत." मग प्रशीलने सांगितलं. सगळं सांगितलं. साक्रीची गाडी पलीकडच्या काठावर दिवे लावून पहाटेपर्यंत उभी होती. नूतनला ते दिवे दिसत होते.

मी गाडी तिथेच सोडतो म्हणून खुणेने सांगितलं. प्रशील म्हणाला, "नाना, घेऊन जा. मला त्या गाडीकडे बघवणार नाही." घेऊन आलो. परतताना धुळ्यात थांबू दिलं नाही. तुझा फार राग आला होता. रविवारी तू आलास आणि मी दार उघडू दिलं नाही, तू दोन तास ओट्यावर बसून गेलास, हितेंद्रने सांगितलं. राग आता नाही. एवढी पत्रं तू लिहिलीस, चाकं आणि लॉक आणि उंची, आणि प्रत्येक वेळी तुझी सून तुझ्या पोटात होती.

घरी आल्यावर मी पुष्पापुढे बसलो. तिने माझ्या धोतराला लागलेली लाल माती बघितली आणि ओळखली. मग ती रडली. तीन वर्षांचं एकदम रडली. आया-बाया धावत आल्या, त्यांना वाटलं मी गेलो.

देवा, माझं घरात कधी कुणी ऐकलं नाही. हितेंद्रला ठिबक लाव म्हटलं, लावलं नाही. पुष्पाला गुडघ्याचं ऑपरेशन कर म्हटलं, केलं नाही. एक गोष्ट सांगितली होती, हिचं नाव काढायचं नाही. ती सगळ्यांनी ऐकली. पोर मेली तरी ऐकली. जन्मात माझं कुणी इतकं ऐकलं नव्हतं.

आता तुला एक मागतो. गाडीबद्दल काही लिहू नकोस. ती सहा वर्षं तुझ्याकडची होती, त्यातली तीन जिवंत. त्या तीन वर्षांचं मला काहीच माहीत नाही. ती सकाळी किती वाजता उठायची, केसरबाईला काय म्हणून हाक मारायची, अहिराणी शिकली का, भरताला तिखट तेवढंच घालायची का, माझ्यावर चिडून बोलायची की बोलायचीच नाही. पोटुशी असताना तिला काय खावंसं वाटलं. सगळं लिही, बारीकसारीक लिही, लांब लिही. आणि ती, तिने, तिला असं लिहू नकोस. दर ओळीत नाव घाल. मी पुष्पाला ओट्यावर बसवून ते मोठ्याने वाचायला लावणार आहे, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं. कान अजून चांगले आहेत माझे.

लवकर लिही.

रतिलाल